सवयीचं वजन

"आधी स्वतःची ओळ भरा. गाईंचं नंतर बघू."

माझ्या प्रत्येक कार्यशाळेचं पहिलं वाक्य हेच असतं, आणि ते ऐकून समोरची मंडळी दर वेळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. विट्याला दूध संघाच्या सभागृहातही तेच झालं. समोर जनावरांचे डॉक्टर, संघाचे पर्यवेक्षक आणि दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या दोघी-तिघी मुली. त्यांना वाटलं होतं, बाई येतील, पडद्यावर चित्रं दाखवतील, आपण मागे बसून मोबाइल बघू. माझ्याकडे तसलं चालत नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात एक संगणक, त्यावर सांख्यिकीचा प्रोग्राम, प्रोग्राममध्ये कोरा तक्ता, आणि तक्त्यात ज्याने त्याने आपली एक ओळ भरायची. नाव, गाव, उंची, दिवसाला चहाचे कप, आणि शेवटचा रकाना: इथे कशाला आलात? पुढे सरासरी म्हणा, नमुना म्हणा, जे काही शिकायचं ते याच ओळींवर. दुसऱ्याच्या आकड्यांबाबत माणूस बेफिकीर असतो, स्वतःची उंची चुकली की लगेच हात वर करतो.

"मॅडम, शेवटच्या रकान्यात काय लिहू?" डॉक्टर घोरपडेंनी विचारलं. तरुण, जाडजूड, गुरांचा डॉक्टर.

"खरं असेल ते लिहा."

"साहेबांनी पाठवलं म्हणून आलो, असं लिहू?"

"लिहा की! मी काय तुमच्या साहेबांना नेऊन दाखवत नाही."

सगळे हसले, आणि मागच्या दारापासून खणखणीत आवाज आला, "हो मॅडम!"

हा आवाज आमच्या मगदुमांचा. भरतेश मगदूम, माझे यजमान. मिरजेत त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. पण माझी कार्यशाळा ठरली की दुकानाला कुलूप लावून स्वारी माझ्याबरोबर. कुठल्या गावच्या सभागृहात कुठला प्लग सैल आहे हे त्यांना तोंडपाठ. मी पुढे उभी, हे मागे. वायरी कुणाच्या पायात येणार नाहीत अशा चिकटवायच्या, चहा वेळेवर आणायचा, कुणाचा संगणक बंद पडला तर माझ्या आधी तिथे पोचायचं. लोक त्यांनाही सर म्हणत. "मी कसला सर? मी वायरवाला," असं म्हणून हे हसत.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अधू झाला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत शाबूत आहेत, पण जिभेला आणि ओठांना हुकूम पोचत नाही. माणूस समोर बसलेला, डोळे लख्ख, सगळं कळतंय आणि तोंडातून नुसतं "अ... अ...". मी पाटी-पेन्सिल आणून दिली. डाव्या हाताने रेघोट्या उठल्या, एक अक्षर लागेना. दोन-तीन दिवसांनी त्यांनी ती पाटी भिंतीवर भिरकावली. तुकडे मीच गोळा केले.

मग 'पूरक' घरात आला. हल्ली तो इतका अंगवळणी पडलाय की तो काय करतो हे कुणी विचारतही नाही, म्हणून सांगते. पूरक हा तक्त्यातल्या रिकाम्या जागा भरणारा प्रोग्राम. आमच्या वेळी एखाद्याने वजन सांगितलं नाही तर आम्ही सगळ्यांची सरासरी तिथे चिकटवायचो आणि खाली तशी टीप द्यायचो. पूरक त्या माणसाची उंची बघतो, वय बघतो, त्याच्यासारखी आणखी हजारो माणसं बघतो आणि अंदाज सांगतो. तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, म्हणून तर लोकांना चटक लागली. पोर परीक्षेला आजारी पडलं की त्याचे गुण पूरक सांगतो. सर्वेक्षणाच्या वेळी बाई घरात नसली तर तिची उत्तरं पूरक भरतो, तिच्या दारात कुणी दुसऱ्यांदा जात नाही. माझ्या कार्यशाळाही त्याच्यामुळेच ओस पडायला लागल्या. यंत्र आहे की, मग आकडे हाताने तपासायला शिकायचं कशाला?

माझा जुना विद्यार्थी इरफान मुजावर याने हेच तंत्र वाचा गेलेल्या माणसांसाठी वापरलं. गळ्याला एक पातळ पट्टी आणि सदऱ्याच्या खिशात बोलणारी डबी. बोलायचं मनात आणलं की आवाज फुटला नाही तरी गळ्याचे स्नायू किंचित हलतात. पट्टी ती हालचाल टिपते. पण ती फार पुसट असते. मग हा माणूस आजवर कधी, कुणाशी, काय बोलत आलाय ते बघून उरलेलं पूरक भरतो. समजा, तुम्ही स्वयंपाकघरात आहात आणि दारात पावलं वाजली. नीट ऐकू आली तर तुम्ही पावलांवरून माणूस ओळखता. नीट आली नाहीत तर घड्याळाकडे बघून म्हणता, दूधवाला असणार. पावलांवर किती विसंबायचं आणि घड्याळावर किती, हे ठरवायची एक कळ या यंत्रात आहे. इरफानने तिला नाव दिलंय 'सवयीचं वजन'. मगदुमांची पावलं अगदीच पुसट होती, म्हणून त्याने ती कळ जवळजवळ टोकाला नेऊन ठेवली.

"सर सुधारले की कमी करू, मॅडम," तो म्हणाला होता.

यंत्राला शिकवायला त्यांचं जुनं बोलणं लागत होतं, आणि तेही ढीगभर. माझ्याकडे सगळ्या कार्यशाळांचे व्हिडिओ होते आणि प्रत्येकात मागून ह्यांचा आवाज. मी सगळे उचलून इरफानला दिले.

पहिल्यांदा डबी बोलली तेव्हा मी ओट्याशी पोहे परतत होते. "चहा झाला का?" तोच आवाज, तीच किंचित खरखर. पोहे करपले. मी गॅस बंद करायचं विसरून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि डबी म्हणाली, "काळजी करू नकोस, मी आहे ना." हे वाक्य ते प्रत्येक कार्यशाळेआधी मला म्हणायचे. मला वाटलं, माझा माणूस मला परत मिळाला.

* * *

विट्याची ही कार्यशाळा शेवटची, असं मी मनाशी ठरवून आले होते. आमची लेक श्रुतिका बंगळूरला असते. तिच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होत होता. तिथे लिफ्ट, कोपऱ्यावर चांगलं उपचार केंद्र आणि लेक हाकेच्या अंतरावर. मिरजेचं घर भाड्याने द्यायचं आणि आम्ही दोघांनी कायमचं तिकडे जायचं, अशी तिची योजना. फ्लॅटच्या मालकाला दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तर हवं होतं.

मला जायचं नव्हतं, खोटं कशाला बोलू? बंगळूरला मी रागवायचं कुणावर? तिथे मला कोण ओळखतं? पण ह्यांच्या जिवाला बरं पडत असेल तर माझं काय एवढं मोठं, असा मी विचार केला होता. फक्त एकदा त्यांना विचारायचं होतं.

पहिल्या दिवसाचं काम उरकल्यावर संघाच्या विश्रामगृहात श्रुतिकाचा फोन आला. मी फोन मध्ये ठेवला.

"अहो, लेक विचारतेय. जायचं का बंगळूरला?"

मगदुमांच्या गळ्याची शीर हलली. डबी म्हणाली, "तू म्हणशील तसं."

हे वाक्य मी अख्ख्या संसारात इतक्यांदा ऐकलंय की माझं नाव त्यापेक्षा कमी वेळा ऐकलं असेल. आपला अंदाज बरोबर असल्याचा डबीला किती भरवसा आहे, ते माप माझ्या फोनवर दिसतं. ते जवळजवळ काठोकाठ भरलं होतं.

"बघ मम्मी, पप्पा तयार आहेत!" श्रुतिका म्हणाली. "उगाच तू घोळ घालतेस. आता तू हो म्हण, म्हणजे झालं."

"उद्या दुपारच्या चहाला फोन कर. तेव्हा सांगते."

"आता आणखी काय ठरवायचं राहिलंय?"

"उद्या म्हटलं ना!"

फोन ठेवला तेव्हा मगदूम डाव्या हाताच्या बोटाने डबीवर टकटक करत होते. मी म्हटलं, बॅटरी उतरलेली दिसते. खिशातून डबी काढून चार्जिंगला लावली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, दमले असतील.

* * *

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कामाचे आकडे आणायचे असतात. घोरपडे मोठ्या उत्साहात पुढे आले. त्यांनी आलेख छान काढला होता, रंगीबेरंगी. म्हणाले, "मॅडम, आमच्या तालुक्यातल्या गाईंचं दूध फारच कमी आहे. हे बघा, सरासरी कुठे पडलीय! संघाने खाद्य बदलायला पाहिजे."

"थांबा. या गाई मोजल्या कुठे?"

"दवाखान्यात."

"कुणाच्या?"

"माझ्याच, मॅडम. गेल्या वर्षभरात माझ्याकडे आलेल्या सगळ्या गाई घेतल्या. एकही सोडली नाही."

"अहो घोरपडे!" माझा आवाज चढला. चढतोच. "चांगली धडधाकट गाय तुमच्या दवाखान्यात कशाला येईल? ती बसलीय की आपल्या गोठ्यात रवंथ करत! तुमच्याकडे आली ती आजारी, कास सुजलेली, चारा सोडलेली. तुम्ही तालुक्यातल्या गाई कुठे मोजल्या? तुम्ही तुमच्या दारात आलेल्या गाई मोजल्या, आणि आता संघाचं खाद्य बदलायला निघालात!"

पोरी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. घोरपडे कानापर्यंत लाल झाले.

"पण आकडे तर सगळे खरे आहेत, मॅडम."

"आकडे खरेच आहेत. पण तुम्ही जिथे उभे होता तिथूनच सगळे गोळा केले. मग त्यात गाय जशी आहे तशी कशी दिसेल? तुमच्यापुढे येते तेव्हा ती जशी असते, तेवढीच दिसणार."

"हो मॅडम!" मागून डबी म्हणाली.

सगळं सभागृह खो खो हसलं. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

मी मागे बघितलं. मगदूम दाराशी खुर्चीवर बसले होते आणि हसत नव्हते. ते माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि त्यांचं बोट सदऱ्यावरून डबीवर टकटक करत होतं. बॅटरी तर रात्रभर चार्ज झाली होती.

कार्यशाळांचे व्हिडिओ. इरफानला दिलेला एकूण एक व्हिडिओ माझ्या कार्यशाळेतला. त्यात मगदूम काय बोलले होते? हो मॅडम. चहा आला. काळजी करू नकोस. तू म्हणशील तसं. दुकानात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारे मगदूम त्यात नव्हते. मित्रांच्या टोळक्यात राजकारणावरून टेबल आपटणारे नव्हते. श्रुतिकाला सायकल शिकवताना अख्खी गल्ली डोक्यावर घेणारे, मेहुण्याशी बुद्धिबळात हरल्यावर पट उधळणारे, यातले एकही मगदूम त्यात नव्हते. मी माझ्या दारात आलेला नवरा तेवढा मोजला होता, आणि त्या हिशेबावर त्याला बंगळूरला न्यायला निघाले होते! दर कार्यशाळेत घसा फोडून मी हेच शिकवते. हेच!

"चहा घ्या सगळ्यांनी," मी म्हटलं.

"चहा अजून आला नाही, मॅडम," घोरपडे म्हणाले.

"मग येईपर्यंत थांबा!"

* * *

सभागृहाबाहेर ओटा आहे. समोर टेम्पोत दुधाचे कॅन चढत होते. मी मगदुमांना ओट्यावर बसवलं, शेजारी बसले, फोन काढला आणि सवयीचं वजन खाली ओढत ओढत पार शून्यावर आणलं.

"आता बोला," मी म्हटलं. "डबी मध्ये तोंड घालणार नाही. बंगळूरला जायचं का?"

त्यांनी आधी माझ्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "अ..." एवढंच आलं. डबीतूनही तेवढंच आलं. अंदाज नाही, वाक्य नाही, ओळखीचा आवाज नाही. मला वाटलं, बाई, मिळालेला माणूस तू आपल्या हाताने परत घालवलास. बोट कळीकडे गेलं होतं, पण मगदुमांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि खाली दाबून ठेवला. पकड चांगली होती. उजव्याचंही काम करून करून तो हात इतका कणखर झालाय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"जायचंय? तिथे बरं वाटेल म्हणून? श्रुतिकासाठी?"

"अ..."

"माझ्यामुळे अडलंय का? मी येईन हो, माझं काही नाही..."

त्यांनी माझा हात सोडला आणि स्वतःचा हात कपाळावर थाड्कन मारून घेतला. ही त्यांची फार जुनी खूण. मी एखाद्या गिऱ्हाइकासमोर त्यांचं वाक्य पुरं केलं की ते असंच करायचे. ही खूण एकाही व्हिडिओत नव्हती. आणि मला कळलं की डबी बंद केली खरी, पण आता मीच पूरक होऊन बसलेय.

मी गप्प बसले. मला गप्प बसता येत नाही, हे उभ्या सांगली जिल्ह्याला माहीत आहे. पदर तोंडात धरायचा तेवढा बाकी राहिला होता. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"मम्मी, काय सांगू मालकाला?"

मी बोलले नाही. मगदूम फोनकडे वाकले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कॅन चढवणारा माणूसही आमच्याकडे बघत थांबला.

"मम्मी? हॅलो? नेटवर्क गेलं का?"

"नेटवर्क आहे. पप्पा बोलताहेत. थांब जरा."

"पण डबी तर..."

"श्रुतिका, थांब म्हटलं ना!"

ती थांबली. मीही थांबले. मगदुमांच्या कपाळावर घाम आला होता.

"ना..." ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, "ही."

आवाज वाईट होता. ओला, वाकडा, अर्धा नाकातून आलेला. डबीतला आवाज याच्यापुढे कितीतरी गोड. पण हा त्यांचा होता, आजचा होता, आणि मला तो इतका आवडला की मी काय सांगू!

"पप्पा नाही म्हणाले?" श्रुतिकाने विचारलं. "मला? अगं मम्मी, ते मला कधीच नाही म्हणाले नाहीत. चॉकलेटलासुद्धा नाही."

"आता म्हणालेत. ऐकलंस ना?"

"ऐकलं." ती एकाच वेळी हसत आणि नाक ओढत होती. "बरं पप्पा. नाही तर नाही. मीच येते महिन्या-महिन्याला. पण मग तुम्हाला नक्की काय हवंय?"

याचं उत्तर मलाही हवं होतं. मगदुमांनी डावा हात उचलला आणि सभागृहाच्या दाराकडे बोट दाखवलं.

"प्लग?" मी म्हटलं. "पंखा? चहाचं बघायचंय?"

त्यांनी पुन्हा कपाळावर हात मारला. मग काठी घेतली आणि उठून आत निघाले. मी फोन कानाला लावून मागे.

"मम्मी, काय चाललंय?"

"मला माहीत नाही गं. नंतर करते तुला," मी म्हटलं आणि ठेवून दिला.

* * *

आत मंडळी चहा पीत गप्पा मारत होती. मला खात्री होती की मगदूम कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे जाणार. ते त्याच्यासमोरून गेले आणि त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. एका पर्यवेक्षकाला घरून बोलावणं आलं होतं, तो निघून गेला होता. त्याच्या मोकळ्या खुर्चीत ते बसले, काठी टेबलाला टेकवली आणि संगणक पुढे ओढला. कालचा तक्ता उघडाच होता. त्यांनी सगळ्यांत खाली एक नवी ओळ घेतली.

घोरपडे लगबगीने मदतीला उठले. मी अशी नजर टाकली की ते अर्ध्यातून परत बसले.

डाव्या हाताचं एक बोट. एकेक अक्षर शोधायचं, मग दाबायचं. भरतेश. चुकलं की पुसायचं, पुन्हा लिहायचं. सभागृहात गप्पा थांबल्या. लोक हळूहळू मागे येऊन उभे राहिले. गाव मिरज. उंची त्यांनी न विचारता भरली. मग चहाचे कप. आमच्या तक्त्याला पूरक जोडलेला असतो, त्यामुळे रिकाम्या घरात अंदाज करड्या अक्षरात आपोआप येतो. तिथे आला होता दोन. डॉक्टरांनी दोनच सांगितलेत आणि मी दोनच देते. मगदुमांनी दोन पुसले आणि पाच लिहिले.

"पाच?" माझ्या तोंडून निघालंच. "अहो, घरी तर दोनच होतात! बाकीचे तीन कुठे?"

"मॅडम, गाय गोठ्यात काय करते ते दवाखान्यात कळत नाही," घोरपडे हळूच म्हणाले.

सगळे हसले. मगदूमही हसले, अर्ध्या तोंडाने. आणि मी, खरं सांगते, सगळ्यांपेक्षा जास्त हसले.

शेवटचा रकाना. इथे कशाला आलात? करड्या अक्षरात उत्तर आधीच येऊन बसलं होतं: पत्नीला सोबत म्हणून. बाजूला भरवशाचं माप काठोकाठ भरलेलं. त्या क्षणी कुणी मला विचारलं असतं तर मीही डोळे मिटून तेच लिहिलं असतं.

मगदुमांनी ते पुसलं. एका झटक्यात पुसता येतं, पण त्यांनी अक्षर-अक्षर करून पुसलं. मग बोट उचललं. शि. थांबले. ख. पुसलं. क, मग काना, मग पुढचं. टेबलावरच्या कपांमधला चहा निवून गेला.

शिकायला.

इतक्या वर्षांच्या इतक्या कार्यशाळा, इतके तक्ते, त्यात गावोगावच्या शिक्षकांच्या, नर्सबाईंच्या, गुरांच्या डॉक्टरांच्या ओळी, आणि माझ्या नवऱ्याची एकही ओळ कुठल्याच तक्त्यात नाही. ते मागे उभे राहून सगळं ऐकत होते आणि वायरी चिकटवत होते. कुणी त्यांना बसा म्हणालं नव्हतं. मी तर नाहीच नाही. शिकायचंय असं त्यांनी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं, मग पूरकाला तरी कुठून कळावं?

डोळे पुसायला रुमाल सापडेना, मग पदराने पुसले. एवढ्या लोकांसमोर रडून चालत नाही, म्हणून मी माझा नेहमीचा वर्गातला आवाज काढला.

"उशिरा आलात, मगदूम. दीड दिवस संपलाय. झालेलं सगळं आता तुम्हाला कोण शिकवणार?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. गळ्याची शीर हलली. ओठ जुळले. खिशातली डबी गप्प होती आणि या वेळी मीही गप्प होते.

"तू," ते म्हणाले.

सवयीने मी पुढच्या शब्दांची वाट बघत राहिले, म्हणशील तसं. पुढे काही आलं नाही. त्यांचं सांगून झालं होतं आणि ते माझ्यासाठी शेजारची खुर्ची डाव्या हाताने ओढत होते. मी जाऊन तिच्यावर बसले.